दुरुस्त होणारा लॅपटॉप : घ्यावा की न घ्यावा?

सायकलीची नळी फुटली म्हणून कोणी सायकल मोडीत काढीत नाही. नळीला ठिगळ लावले जाते. साखळी झिजली तर नवी साखळी चढविली जाते. ब्रेकचे रबर, पायटा, आसन यांपैकी जे निकामी होईल तेवढेच बदलून तीच सायकल थोरल्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे येते. शिवणयंत्राचीही गोष्ट हीच आहे. सुई मोडते, पट्टा तुटतो; पण यंत्र दोन-दोन पिढ्या चालते. याउलट लॅपटॉपची बॅटरी दुबळी झाली किंवा कळफलकावरील चार कळा चालेनाशा झाल्या, की ‘आता नवाच घ्या’ असा सल्ला पुष्कळदा मिळतो. बिघाड एका भागाचा आणि शिक्षा मात्र सबंध वस्तूला! असे का व्हावे, आणि त्यावर काही उपाय आहे काय, याचा विचार लॅपटॉप विकत घेण्यापूर्वीच केला पाहिजे. कारण पैसे मोजून झाल्यावर त्या विचाराचा फारसा उपयोग उरत नाही.

लॅपटॉप ही एक वस्तू दिसत असली, तरी ती अनेक भागांची मिळून झालेली असते. सर्व आकडेमोड करणारा प्रोसेसर, चालू कामापुरती माहिती जवळ बाळगणारी मेमरी, माहिती कायम साठवून ठेवणारी एसएसडी, या सर्वांना एकत्र जोडणारा मदरबोर्ड, विजेचा साठा करणारी बॅटरी, पडदा, कळफलक आणि पडद्याला आधार देणाऱ्या बिजागऱ्या हे त्यातील प्रमुख भाग होत. या सर्वांचे आयुष्य सारखे नसते. प्रोसेसरमध्ये हलणारा असा एकही भाग नसल्यामुळे तो सहसा वर्षानुवर्षे चालतो. बॅटरीचे तसे नाही. ती भरताना तिच्यातील लिथियमचे भारित कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात आणि वापरताना परत येतात; परंतु अशा प्रत्येक फेरीत त्यांपैकी काही थोडे कायमचे अडकून पडतात. त्यामुळे काही शेकडो फेऱ्या झाल्यानंतर बॅटरीची साठवणशक्ती घटल्याचे स्पष्ट दिसू लागते. कळफलकात धूळ जाते, क्वचित चहाही सांडतो. बिजागरी सैल होते. यंत्र हातून निसटले की पडद्याला तडा जातो. याप्रमाणे यंत्राचे मर्म शाबूत असतानाच त्याचे हातपाय थकतात.

हे थकलेले भाग बदलणे सोपे ठेवावे की अवघड, हे यंत्र बनविणाराच ठरवितो. बॅटरी स्क्रूने बसविली असेल तर ती थोड्या वेळात सुटून येते. डिंकासारख्या पदार्थाने पक्की चिकटविली असेल तर ती उपटताना वाकण्याची, भोक पडून पेट घेण्याचीही भीती असते. मेमरी खाचेत बसविली असेल तर ती बदलता व वाढविता येते. परंतु डाख देऊन ती मदरबोर्डला कायमची जोडली असेल, तर पहिल्या दिवशी घेतली तेवढ्यावरच शेवटपर्यंत भागवावे लागते. कारखानदार असे करतात ते केवळ लबाडीने, असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. खाचा आणि स्क्रू यांना जागा लागते. त्या वगळल्या की यंत्र पातळ व हलके होते, आणि असे यंत्र ग्राहकालाही आवडते. डाख देऊन जोडलेली मेमरी काही वेळा अधिक वेगाने आणि कमी विजेवर चालते. तेव्हा यात लाभ आहे. पण तो पहिल्या दिवशीचा लाभ आहे. त्याची किंमत तीन-चार वर्षांनी, पहिला मोठा बिघाड होतो त्या दिवशी, घरातल्या माणसांना द्यावी लागते.

या प्रवाहाच्या उलट दिशेने जाण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील फ्रेमवर्क या कंपनीने केला. नीरव पटेल हे तिचे संस्थापक. कंपनीने आपला पहिला लॅपटॉप २०२१ मध्ये विक्रीस आणला. त्याचे जवळजवळ सर्व महत्त्वाचे भाग ग्राहकाला स्वतःच्या हाताने काढता व बसविता येतात आणि त्यासाठी लागणारा पेचकस यंत्राबरोबरच मिळतो. आतील भागांवर क्यूआर खुणा छापलेल्या आहेत. फोनने ती खूण टिपली की त्या भागाची व तो कसा बदलावा याची माहिती समोर येते. बोलणे सोपे, करणे कठीण, असे या बाबतीत पुष्कळांना वाटले होते. परंतु २०२२ पासून २०२५ पर्यंत दरवर्षी कंपनीने अधिक वेगवान प्रोसेसर असलेले नवे मदरबोर्ड विक्रीस आणले आणि ते २०२१ सालच्या जुन्या कवचातही बसले. म्हणजे जुने घर न पाडता त्याची चूल तेवढी नवी करावी, तसे हे झाले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये या कंपनीने ‘फ्रेमवर्क लॅपटॉप १२’ हा लहान लॅपटॉप जाहीर केला. तो मुख्यतः विद्यार्थ्यांना समोर ठेवून तयार केलेला आहे. त्याच्या पडद्याची तिरपी लांबी १२.२ इंच, म्हणजे सुमारे ३१ सेंटीमीटर असून वजन सुमारे १.३ किलोग्रॅम आहे. आत धातूचा सांगाडा आणि त्यावर धक्का सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे कवच अशी त्याची घडण आहे. मेमरीसाठी एक खाच आहे. तीत पुढेमागे ४८ गिगाबाइटपर्यंत मेमरी बसविता येते. एसएसडीही बदलता येते. बाजूंना चार चौकोनी कप्पे असून त्यांत गरजेप्रमाणे वेगवेगळ्या जोडण्यांचे छोटे ठोकळे सरकविता येतात. एखाद्याला जुना पेन ड्राइव्ह लावायचा असेल, दुसऱ्याला भिंतीवर चित्र पाडणारे यंत्र जोडायचे असेल. ज्याची गरज जशी, तसा ठोकळा त्याने निवडावा.

या लॅपटॉपचा दुसरा विशेष म्हणजे त्याचा पडदा. बिजागरीवर तो संपूर्ण मागे वळविता येतो, आणि मग कळफलक खाली झाकला जाऊन सबंध यंत्र एखाद्या पाटीसारखे हातात धरता येते. अशा लॅपटॉपला ‘कन्व्हर्टिबल’ म्हणतात. पडदा स्पर्शाने चालतो. वेगळी विकत मिळणारी लेखणी घेतल्यास त्यावर लिहिता येते, भूमितीच्या आकृती काढता येतात, नकाशात नावे भरता येतात. ज्याला केवळ निबंध टंकलिखित करावयाचे आहेत, त्याला या सोयीचे फारसे महत्त्व नाही. परंतु ज्याच्या अभ्यासात आकृत्या, समीकरणे आणि चित्रे पुष्कळ आहेत, त्याला एकाच वस्तूत वही आणि टंकलेखनयंत्र दोन्ही मिळतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जितके भाग अधिक हलतात, तितक्या बिघाडाच्या जागा अधिक होतात. साध्या लॅपटॉपची बिजागरी दिवसातून दोन-चार वेळा उघडते व मिटते. कन्व्हर्टिबल लॅपटॉपची बिजागरी पुढेमागे पूर्ण फिरत राहते. पडद्यावर सतत बोटे व लेखणी फिरते. यंत्र हातात धरून वापरले जात असल्यामुळे ते पडण्याचा संभवही वाढतो. म्हणून पडदा वळविता येण्याची सोय आणि दुरुस्तीची सोय या दोन्ही एकत्र असणे हा केवळ योगायोग समजू नये. ज्या यंत्राला अधिक राबवायचे, त्याची डागडुजीही सोपी असली पाहिजे. अनेक कन्व्हर्टिबल लॅपटॉपांत वरील काच व आतील पडदा एकजीव केलेले असतात, त्यामुळे एवढ्याशा तड्यासाठी मोठा खर्च पडतो. तेव्हा असा कोणताही लॅपटॉप घेताना पडद्याचा सुटा भाग मिळतो काय आणि केवढ्याला मिळतो, हे आधी विचारावे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू जाता, या लॅपटॉपची उणीवही लपविण्याचे कारण नाही. त्यातील प्रोसेसर इंटेल कंपनीच्या तेराव्या पिढीचा, म्हणजे २०२३ च्या आरंभी बाजारात आलेल्या मालिकेतील आहे. वाचन, लेखन, संगणकभाषेचे शिक्षण, वर्गाचे दृक्-श्राव्य पाठ यांना तो पुरेसा आहे. मोठे खेळ किंवा चलच्चित्रांचे अवघड संकलन यांसाठी तो घेऊ नये. कळफलकाखाली दिवे नाहीत, त्यामुळे अंधारात कळा दिसत नाहीत. बोटाचा ठसा ओळखण्याची सोय नाही. पडद्यावरील रंग महाग यंत्रांइतके गडद व खरे नाहीत. चित्रकला शिकणाऱ्याला ही उणीव जाणवेल. अमेरिकेत २०२५ मध्ये तो विक्रीस आला तेव्हा सुट्या भागांच्या स्वरूपात त्याची किंमत ५४९ डॉलरपासून पुढे होती. पण त्या किमतीत मेमरी, एसएसडी, विंडोज प्रणाली आणि चार्जर धरलेले नव्हते. पूर्ण जोडून तयार असलेला लॅपटॉप ७९९ डॉलरपासून पुढे मिळत असे. तेवढ्या पैशांत अन्य कंपन्यांचे अधिक वेगवान, पण दुरुस्तीला अवघड असे लॅपटॉप मिळू शकत होते.

मग निवड कशी करावी? समजा, सातवीत शिकणारी एक मुलगी आणि पाचवीत शिकणारा तिचा भाऊ यांच्यासाठी एका घरी लॅपटॉप घ्यावयाचा आहे. वडिलांनी वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला ठेवले आहेत. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही त्या घराची रीत. समोर दोन यंत्रे आहेत. पहिल्याची किंमत ४०,००० रुपये. ते बंदिस्त आहे व चार वर्षे चालेल असे धरू. दुसऱ्याची किंमत ६०,००० रुपये. ते दुरुस्त होणारे आहे. हे आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी घेतलेले आहेत. पहिल्या यंत्राचा खर्च वर्षाला १०,००० रुपये पडतो. दुसरे यंत्र आठ वर्षे वापरले आणि मधल्या काळात बॅटरी, कळफलक व मेमरी यांवर १२,००० रुपये खर्च केले, तर एकूण ७२,००० रुपये होतात; म्हणजे वर्षाला ९,००० रुपये. परंतु तेच दुसरे यंत्र चार वर्षांनी कंटाळा आला म्हणून टाकून दिले, तर वर्षाचा खर्च १५,००० रुपयांवर जातो.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. दुरुस्त होणारी वस्तू आपोआप स्वस्त पडत नाही. ती स्वस्त पडते दुरुस्त करणाऱ्याला. पहिली चार वर्षे तिने घेतलेली जास्तीची किंमत परत केलेली नसते; ती पुढच्या चार वर्षांत परत येते. ज्या घरात नवे मॉडेल आले की जुने काढून टाकण्याची सवय आहे, त्या घराने अशा यंत्रासाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे मोठी विहीर खणून तिचे पाणी कधीच न काढण्यासारखे आहे.

दुरुस्तीची सोय यंत्रात असणे पुरेसे नाही. सुटे भागही हाताशी असावे लागतात. लॅपटॉपचे भाग दोन प्रकारचे असतात. मेमरी व एसएसडी हे ठराविक मापाचे भाग असून ते निरनिराळ्या कंपन्या बनवितात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली यांसारख्या बाजारांत असे भाग शोधता येतात. याउलट बॅटरी, पडदा, कळफलक व मदरबोर्ड हे बहुधा त्या त्या कंपनीच्याच मापाचे असतात. फ्रेमवर्क कंपनी आपले असे भाग सुटे विकते, हे खरे. परंतु ती जगातील सर्वच देशांत माल पाठवीत नाही. ज्या गावी बॅटरी परदेशातून मागवावी लागेल, तिच्यावर जकात भरावी लागेल आणि महिनाभर वाट पाहावी लागेल, त्या गावी उत्तम दुरुस्त होणारे यंत्रही व्यवहारात दुरुस्त न होणारेच ठरते. त्यापेक्षा ज्याचे सुटे भाग व जाणता कारागीर जवळच्या शहरात मिळतो, असे साधे यंत्र अधिक उपयोगी पडेल. शिवाय लहान कंपनी दहा वर्षे टिकेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. तिच्या वचनाला मोल आहे, पण ते पूर्ण होईपर्यंत ते वचनच असते.

यंत्र शाबूत असूनही निरुपयोगी ठरण्याचे आणखी एक कारण असते. ते म्हणजे त्यावर चालणारी प्रणाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नेहमीचा आधार थांबविला. पुढची विंडोज ११ ही प्रणाली अनेक जुन्या प्रोसेसरांना ग्राह्य धरीत नाही. त्यामुळे चांगली चालती यंत्रे एकाएकी अडचणीत आली. अशा यंत्रांवर लिनक्ससारखी मोफत प्रणाली बसविता येते व ती पुष्कळदा उत्तम चालते. पण ती शिकण्याची तयारी लागते. तेव्हा यंत्राचे आयुष्य स्क्रूवर जितके अवलंबून आहे, तितकेच ते प्रणालीवर आणि वापरणाऱ्याच्या जिज्ञासेवरही अवलंबून आहे.

हा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगभर ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातील एक-चतुर्थांशाहूनही कमी कचरा रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आणल्याची नोंद आहे. म्हणून सरकारांनीही यात लक्ष घातले. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर, त्या किती सहज दुरुस्त होतात याचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक झाले. माहितीपुस्तिका मिळते काय, यंत्र सहज उघडते काय, सुटे भाग मिळतात काय, ते परवडतात काय, अशा गोष्टी पाहून हे गुण दिले जातात. भारतात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबर या राष्ट्रीय ग्राहक दिनी त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने या चार क्षेत्रांतील दुरुस्तीची माहिती ग्राहकाला एके ठिकाणी मिळावी, हा त्यामागील हेतू होता.

या सर्व विचारांचा निष्कर्ष असा. नवे यंत्र घेण्यापूर्वी घरातील जुने यंत्र आधी पाहावे. ते मंद झाले असेल, तर मेमरी वाढवून किंवा एसएसडी बसवून, अथवा नवी बॅटरी घालून ते आणखी दोन-तीन वर्षे चालेल काय, हे जाणत्या कारागिराला विचारावे. तसे चालणार असेल तर सर्वांत उत्तम खरेदी म्हणजे न केलेली खरेदी होय. नवेच घेणे भाग असेल, तर लहान, पडदा वळणारा व दुरुस्त होणारा लॅपटॉप त्याने अवश्य घ्यावा, ज्याला लेखणीने लिहिण्याची खरी गरज आहे, ज्याच्या आवाक्यात सुटे भाग येतात आणि जो ते यंत्र आठ वर्षे वापरण्याचा निश्चय करतो. ज्याला वेग हवा, किंवा ज्याच्या गावी सुटे भाग पोहोचत नाहीत, त्याने केवळ चांगल्या कल्पनेच्या मोहाने पैसे घालू नयेत.

आणि घेतल्यावर एक गोष्ट करावी. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला मुलांनी हात लावू नये. ते काम मोठ्यांचे व कारागिराचे आहे. परंतु एखाद्या सुट्टीच्या दिवशी, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, यंत्र बंद करून व चार्जर काढून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे त्याचे झाकण उघडावे. ही बॅटरी, ही मेमरी, हा पंखा, असे एकेक भाग ओळखावे. ज्या मुलाने साखळी चढवायला शिकून घेतले आहे, त्याची सायकल माळावर उतरली तरी तो रडत बसत नाही. साखळी चढवितो, हात पुसतो आणि पुढे निघतो. आपल्या यंत्राविषयी तेवढी ओळख ज्याला झाली, त्याने मोजलेले पैसे वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.